मराठी बायबलचे कर्ते

मराठी बायबल या नावाने आज ओळखला जाणारा ग्रंथ एका व्यक्तीने, एका काळी किंवा एका हेतूने सिद्ध केलेला नाही. मूळ बायबलविषयीही हेच म्हणावे लागते. बायबल हा ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. हिब्रू, काही अंशी अरामी आणि ग्रीक या भाषांत सुमारे एक हजार वर्षांच्या अवधीत त्यातील लेखन झाले. हा संग्रह मराठीत आणण्याचे काम सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात सुरू झाले आणि श्रीरामपूर (बंगाल), मुंबई, अहमदनगर, केडगाव, वसई अशा निरनिराळ्या ठिकाणी चालू राहिले. त्यात इंग्रज जेझुइट, अमेरिकन मिशनरी, नागपूरकडचे पंडित, धर्मांतरित मराठी लेखक, दुष्काळात आश्रयाला आलेल्या स्त्रिया आणि कोकणातील बेने इस्राएल समाज यांचा वाटा आहे. प्रत्येकाची प्रेरणा वेगळी होती आणि तिचा ठसा त्या त्या मराठीवर उमटला आहे.

मूळ ग्रंथाचे लेखक

ज्यू परंपरेत हिब्रू शास्त्राचे २४ ग्रंथ मोजले जातात. प्रॉटेस्टंट पंथ तेच लेखन ३९ पुस्तकांत विभागून त्याला ‘जुना करार’ म्हणतात आणि त्यापुढे २७ पुस्तकांचा ‘नवा करार’ जोडतात; एकूण ६६. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. म्हणजे ‘बायबल कोणी लिहिले’ या प्रश्नाआधी ‘कोणते बायबल’ हा प्रश्न उभा राहतो.

पहिली पाच पुस्तके, म्हणजेच तोरा, मोशेने लिहिली असे परंपरा मानते. परंतु पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस मोशेच्या मृत्यूचे व दफनाचे वर्णन आहे, ही अडचण जुन्या ज्यू भाष्यकारांच्याही ध्यानात आली होती. बाराव्या शतकातील इब्न एझ्रा याने अशा काही जागांकडे सूचकपणे बोट दाखवले. १६७० मध्ये स्पिनोझाने तीच गोष्ट उघडपणे मांडली. उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टिरचनेच्या दोन कथा आहेत. जलप्रलयाच्या कथेत एके ठिकाणी प्राण्यांची एकेक जोडी तारवात घेण्याची आज्ञा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या सांगितल्या आहेत. देवाचे नावही कुठे एक, कुठे दुसरे येते. या नावांच्या आधारे फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुक याने १७५३ मध्ये एकाहून अधिक मूळ साधने असावीत असे सुचवले आणि १८७८ मध्ये जर्मन पंडित यूलिउस वेलहाउझेन याने चार स्रोतांचा सिद्धांत व्यवस्थित मांडला. त्याच्या तपशिलावर आज एकमत राहिलेले नाही. तोरा अनेक हातांतून घडली, हे मात्र बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

ही माणसे लिहीत का होती, याचे सर्वांत सबळ उत्तर इतिहासात सापडते. इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि यहुदातील प्रतिष्ठित लोकांना कैद करून नेले. राजा गेला, राज्य गेले, उपासनेचे स्थान गेले. अशा वेळी समाजाला एकत्र धरून ठेवण्यासाठी उरल्या त्या कथा, वंशावळी, कायदे आणि स्तोत्रे. विखुरलेले जुने साहित्य गोळा करून, जुळवून, त्यावर संस्कार करून जपण्याचे काम या हद्दपारीच्या काळात आणि तिच्यानंतर जोमाने झाले. परभवाची कारणे शोधणे हीदेखील त्यामागची एक मोठी प्रेरणा होती. राजांच्या इतिहासात प्रत्येक राजाचा निवाडा त्याने एका देवाची भक्ती राखली की नाही या एकाच निकषावर केलेला आढळतो, तो यामुळेच.

लेखनाची प्रत्यक्ष क्रिया कशी चाले, याचे एक चित्र यिर्मयाच्या पुस्तकात आहे. संदेष्टा यिर्मया सांगतो आणि बारूख नावाचा लेखक गुंडाळीवर उतरवून घेतो. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जाते, तेव्हा राजा चाकूने तिचे तुकडे कापून शेगडीत टाकतो. मग यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो आणि या वेळी मजकुरात भर पडते. ग्रंथ यिर्मयाच्या नावाने ओळखला जातो. बारूख नसता तर तो उरलाच नसता.

नव्या करारात सर्वांत जुने लेखन पौलाच्या पत्रांचे, साधारण इ.स. ५० ते ६० च्या दशकातील. धर्मग्रंथ लिहीत आहोत अशी त्याची भावना दिसत नाही. करिंथ येथील मंडळीत तट पडले, जेवणावळीत श्रीमंतांनी गरिबांना मागे ठेवले, अशा तक्रारी कानी आल्या म्हणून त्याने पत्रे लिहिली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तर पत्र उतरवून घेणारा तर्तिय स्वतःच्या नावाने नमस्कार सांगून जातो. पौलाच्या नावावरील तेरा पत्रांपैकी सात निःसंशय त्याची आहेत असे सामान्यतः मानले जाते. उरलेल्यांपैकी काही त्याच्या शिष्यवर्गाने गुरूच्या नावे लिहिली असावीत. आपल्याकडील संतसाहित्यात प्रसिद्ध संताच्या नाममुद्रेने नंतरच्यांनी रचलेले अभंग ज्याला परिचित आहेत, त्याला हा प्रकार नवा वाटणार नाही.

चारही शुभवर्तमाने मूळची निनावी आहेत; मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावे परंपरेने पुढे जोडली. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे, इ.स. ७० च्या आसपासचे मानतात आणि योहानाचे शतकाच्या अखेरीचे. येशूला पाहिलेली पिढी अस्तंगत होत असताना आठवणी लेखनिविष्ट करणे निकडीचे झाले होते. दोन लेखकांनी आपला हेतू स्वतःच नोंदवला आहे. लूक आरंभीच सांगतो, की अनेकांनी हा वृत्तान्त लिहिला आहे. आपणही सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून थियफिल नावाच्या गृहस्थासाठी तो क्रमवार लिहीत आहोत. योहान सांगतो, की वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिले. एकाची भूमिका चिकित्सकाची, दुसऱ्याची साक्षीदाराची. पुढे मराठीत काम करणाऱ्यांमध्येही या दोन प्रवृत्ती आलटून पालटून दिसतात.

भाषांतराची गरजही बायबलच्याच काळातली. नहेम्याच्या पुस्तकात एज्रा शास्त्री लोकसमुदायापुढे नियमशास्त्र वाचतो आणि लेवी त्याचा अर्थ लोकांना उलगडून सांगतात, असा प्रसंग आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील हिब्रू विसरलेल्या ज्यूंसाठी शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. मराठीतील प्रयत्न या जुन्याच मालिकेतील आहेत.

गोवा : ख्रिस्तपुराण

बायबलची कथा मराठीत प्रथम सविस्तर आणली ती थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि उर्वरित आयुष्य मुख्यतः साष्टी भागात घालवले. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत : ‘पैले पुराण’ जुन्या करारावर आणि ‘दुसरे पुराण’ येशूच्या चरित्रावर आधारलेले आहे.

हे भाषांतर नाही, पुनर्कथन आहे. लोकभाषांतील शब्दशः भाषांतराविषयी त्या काळी कॅथलिक चर्च सावध होते. परंतु कारण तेवढेच नव्हते. स्टीफन्सने आपली प्रेरणा ग्रंथातच प्रश्नोत्तराच्या रूपाने सांगितली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पूर्वीची पुराणे निषिद्ध झाली होती. ती ऐकण्याची सवय मात्र गेली नव्हती. जुनी पुराणे काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी का देत नाही, असा प्रश्न ग्रंथात एक श्रोता विचारतो. रितेपण भरून काढण्यासाठी हे पुराण रचले गेले. ते रितेपण कोणी निर्माण केले, हा प्रश्न त्यातून सुटत नाही आणि गोव्याच्या धार्मिक इतिहासात तो आजही टोचतो.

वाङ्मयदृष्ट्या पाहता स्टीफन्सने ओवीछंद, पुराणकाराची निवेदनपद्धती आणि ‘वैकुंठ’सारखे शब्द निःसंकोच स्वीकारले, ख्रिस्ती विधींसाठी मात्र पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या शालेय पाठ्यपुस्तकांमुळे महाराष्ट्रात सर्वज्ञात आहेत. त्या ओव्या लिहिणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी होती आणि पुस्तक छापले गेले ते लॅटिन-पोर्तुगीज खिळ्यांनी, ही गोष्ट वाचकाच्या सहसा लक्षात राहत नाही.

सतराव्या शतकात ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि अशा साहित्याचा राजाश्रय संपला. मूळ छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथून रोमन लिपीत आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडन येथे असलेले एक हस्तलिखित देवनागरीत असून त्यातील भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे.

श्रीरामपूर : केरी आणि वैजनाथ पंडित

गद्य भाषांतराचा आरंभ महाराष्ट्रापासून दूर, बंगालमध्ये झाला. विल्यम केरी हा व्यवसायाने चर्मकार असलेला बॅप्टिस्ट धर्मप्रचारक १७९३ मध्ये भारतात आला. प्रत्येक मनुष्याला शास्त्र स्वतःच्या भाषेत वाचता आले पाहिजे, ही त्याची धारणा होती आणि तिच्यापायी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी डझनावारी भाषांत भाषांतरे हाती घेतली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत असे. तेथील मराठीचे पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि केरीचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, १८१० मध्ये मोडी लिपीतील कोश आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार.

हे काम प्रत्यक्षात कसे होत असे? केरीला मूळ भाषा येत होत्या. मराठी मात्र तो ज्यांच्याकडून शिकला, त्यांच्याच मदतीने लिहीत होता. वाक्य मराठीत उभे राहते की नाही, हे पंडितच सांगू शकत. मुखपृष्ठावर या पंडितांची नावे येत नसत. वैजनाथांचे नाव टिकले, कारण श्रीरामपुरी छापलेल्या ‘सिंहासन बत्तीशी’ व ‘हितोपदेश’ या मराठी पुस्तकांशी ते जोडले गेले. हिंदू धर्माचरण न सोडता ख्रिस्ती शास्त्राच्या वाक्यांना मराठी वळण देणाऱ्या या माणसांची प्रेरणा बहुधा चरितार्थाचीच असणार, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नव्या कराराच्या मराठी लेखनपरंपरेत त्यांचे स्थान तर्तियाचे आहे. फरक इतकाच, की तर्तियाला एक ओळ मिळाली.

मार्च १८१२ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि अनेक हस्तलिखिते जळाली. गमावलेले मजकूर पुन्हा लिहावे लागले. जुन्या कराराचे मराठी भाग त्यानंतरच्या वर्षांत निघाले. तथापि या भाषांतराची मराठी नागपुरी वळणाची आणि त्यावर बंगालीची छाया. मुंबई-पुण्याकडील वाचकांना ती आपली वाटली नाही. पुढील मंडळींनी हे काम दुरुस्त करण्याऐवजी नव्याने करणे पसंत केले.

मुंबई : अमेरिकन मिशन

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला त्यांचे येणे नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले होते. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले आणि धर्मप्रचारकांना मार्ग मोकळा झाला. मिशनने स्वतःचा छापखाना घातला आणि १८१७ पासून मराठी मजकूर छापण्यास प्रारंभ केला. १८२६ मध्ये नवा करार पूर्ण झाला. हॉल त्याच वर्षी मार्चमध्ये प्रचाराच्या दौऱ्यावर असताना पटकीने मरण पावला. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये एकत्रित स्वरूपात निघाले.

मिशनऱ्यांचा हेतू उघड होता : लोकांनी ख्रिस्ती व्हावे. त्या दृष्टीने यश अल्पच आले. न योजलेले परिणाम मात्र मोठे झाले. देवनागरी मुद्रणासाठी खिळे पाडण्याचे कसब मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम या कारागिराच्या हाताखाली वाढले. तेथेच लहान वयात कामाला लागलेले जावजी दादाजी यांनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत शास्त्रग्रंथ व पुराणे देखण्या अक्षरांत घरोघर पोहोचवली. बायबलसाठी पाडलेल्या खिळ्यांचे कसब अशा रीतीने पोथ्यांच्या कामी आले.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्यापासून या कामात मराठी मातृभाषेचा विद्वान प्रथम ठळकपणे दिसू लागतो. बेळगावात जन्मलेले पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या पुस्तकामुळे ते वाङ्मयेतिहासात ओळखले जातात. परंतु त्यांच्या आयुष्याचा बराच काळ धार्मिक ग्रंथांचे लेखन व संपादन करण्यात गेला आणि नव्या करारावर त्यांनी मराठीत टीकाही लिहिली. परक्याने लिहायचे आणि मराठी माणसाने तपासायचे, हा क्रम त्यांच्या पिढीपासून बदलू लागला.

कोकणातील बेने इस्राएल

मिशनऱ्यांच्या मराठी बायबलचे एक वाचक असे होते, की ज्यांच्या पूर्वजांचाच तो ग्रंथ होता. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहत होता. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची बोली मराठी, आडनावे गावांवरून पडलेली : दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, किहीमकर, पेणकर. शब्बाथ, सुंता, काही उपवास आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली होती. हिब्रू शास्त्र आणि ते वाचण्याची विद्या मात्र त्यांच्याजवळ राहिली नव्हती.

मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कोचीनकडील ज्यू शिक्षक आले. मराठी जुना करार हाती आल्यावर अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा या समाजाला घरच्या भाषेत वाचता आल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, मिशनच्या शाळांतून अनेक बेने इस्राएल शिक्षक नेमले गेले. हेतू धर्मांतराचा होता. घडले ते उलट. ख्रिस्ती झालेले थोडे. आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिक जाणतेपणाने वळलेले पुष्कळ. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह ‘हगादा’ छापली गेली. १८४९ मध्ये पनवेल येथे बेथ एल सिनेगॉग उभे राहिले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास तर या समाजात मराठी कीर्तनाची प्रथा रूढ झाली. पूर्वरंग-उत्तररंग, टाळ-पेटी सर्व हरिदासी थाटाचे आणि आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे. अलेक्झांड्रियाच्या ज्यूंना ग्रीक भाषांतराने जे दिले, ते पनवेल-अलिबागच्या ज्यूंना मराठीने दिले.

पनवेल तालुक्यातील बेलपाडा, खारघरसारखी गावे आता नवी मुंबईच्या वस्तीत मिसळली आहेत आणि बेने इस्राएल कुटुंबांपैकी बहुतेक १९४८ नंतर इस्राएलला गेली. तेथेही मराठी टिकवण्याचा प्रयत्न या समाजाने केला आहे.

केडगाव : पंडिता रमाबाई

संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत आणण्याचे काम एका व्यक्तीने तडीस नेल्याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आहे. शास्त्री अनंतराव डोंगरे यांची ही कन्या लहानपणापासून संस्कृतात तयार झालेली. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि १८९६–९७ च्या दुष्काळानंतर केडगावचे मुक्ती सदन शेकडो निराधार स्त्री-मुलांचे घर झाले.

रमाबाईंची तक्रार प्रचलित भाषांतराच्या भाषेविषयी होती. त्या मराठीत संस्कृत शब्दांचा भरणा होता. सदनातील स्त्रिया बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेल्या, नुकत्याच अक्षरे ओळखू लागलेल्या. त्यांना ती भाषा कळत नसे. शिवाय संस्कृत धर्मशास्त्रातून घेतलेल्या पारिभाषिक शब्दांबरोबर त्यांचे जुने अर्थही मजकुरात शिरतात, हे रमाबाईंइतके कोण जाणणार? ज्या पंडितापाशी संस्कृतचे भांडार सर्वांत मोठे, तिनेच ते बाजूला ठेवून सोपी मराठी शोधावी, ही या भाषांतराची खरी कहाणी आहे. वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रियांना नाकारणारी व्यवस्था तिने जवळून पाहिली होती. शास्त्र समजण्यासाठी मध्यस्थ लागू नये, हा आग्रह त्या अनुभवातून आलेला दिसतो.

हिब्रू आणि ग्रीक तिने प्रौढ वयात शिकून घेतल्या. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणी करणे ही सर्व कामे सदनातील स्त्रियाच करीत. त्या काळात जुळारी म्हणून स्त्रिया काम करतात हीच नवलाची बाब होती. १९२१ मध्ये कन्या मनोरमा वारली. प्रकृती ढासळत असतानाही रमाबाईंनी काम सोडले नाही आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होण्यापूर्वी भाषांतर पूर्ण केले. ग्रंथ १९२४ मध्ये केडगाव येथे प्रसिद्ध झाला.

चर्चमध्ये हे भाषांतर रूढ झाले नाही. मुळाला धरून राहण्याच्या आग्रहामुळे त्यातील वाक्यरचना जागोजागी अवघडते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. सोपे शब्द आणि सोपे वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रचलित भाषांतराची सवय हेही एक कारण होते. मराठी वाङ्मयेतिहासांनी मात्र या ग्रंथाची घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही.

टिळकांपासून दिब्रिटोंपर्यंत

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भाषांतराऐवजी स्टीफन्सची वाट धरली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीला परकीय पेहरावातील ख्रिस्ती धर्म खटकत असे. संतांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचे आरंभीचे अध्यायच त्यांच्याकडून झाले. उरलेल्यांपैकी बहुतेक लक्ष्मीबाई टिळकांनी रचले. ‘स्मृतिचित्रे’च्या या लेखिकेचे शिक्षण घरीच, पतीच्या हाताखाली झाले होते.

कॅथलिक पंथात लोकभाषांतील उपासनेला आणि शास्त्रवाचनाला खरी चालना मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५). वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ राजहंस प्रकाशनाने काढले. धर्मसंस्थेबाहेरच्या प्रकाशनाने ते काढावे, यातच त्याचा वाचक कोण याचे उत्तर आहे : चर्चमध्ये न जाणारा, साहित्य म्हणून बायबल वाचू इच्छिणारा मराठी माणूस. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (धाराशिव) येथे झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे दिब्रिटो अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

शब्दयोजना

चार शतकांतील या खटपटीचे अवशेष प्रचलित मराठी बायबलच्या शब्दांत दिसतात. हिब्रूतील ज्या नावाचा उच्चार ज्यू करीत नाहीत, त्याच्यासाठी प्रचलित भाषांतर ‘परमेश्वर’ वापरते आणि सामान्य नामासाठी ‘देव’. स्टीफन्सचे ‘वैकुंठ’ गेले, ‘स्वर्ग’ राहिला. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द भाषांतर न करता ठेवला गेला. ‘स्नान’ म्हणावे तर पर्वणीचे स्नान आठवते, ‘दीक्षा’ म्हणावे तर गुरुमंत्र. तोरातील पाचव्या पुस्तकाला मराठीत ‘अनुवाद’ असे नाव आहे. तेथे त्याचा अर्थ भाषांतर नसून, आधी सांगितलेले पुन्हा सांगणे हा जुना संस्कृत अर्थ आहे. नव्या वाचकाचा येथे हमखास घोटाळा होतो.

पौलाच्या पत्रांची शीर्षके तर अस्सल मराठी वळणाची आहेत. रोमकरांस पत्र, करिंथकरांस पत्र, इफिसकरांस पत्र, थेस्सलनीकाकरांस पत्र. गावाच्या नावाला ‘कर’ लावून माणसाला गावाचा करण्याची कोकणी-देशी रीत येथे भूमध्य समुद्राकाठच्या नगरांना लागू झाली आहे, आणि पनवेल-पेणच्या बेने इस्राएलांनी आपली आडनावे ज्या प्रत्ययाने घडवली, तोच हा प्रत्यय. ही योजना प्रथम कोणी केली त्याचे नाव कोणत्याही मुखपृष्ठावर नाही.